४७ रुपयांत अख्खा देश

सावंतवाडीच्या पोस्टात ५० ग्रॅमपर्यंतचं एक पाकीट स्पीड पोस्टानं द्या. ते पुण्याला जायचं असो, नागपूरला जायचं असो, की थेट अरुणाचल प्रदेशातल्या तवांगला. काउंटरपलीकडचा माणूस पैसे सारखेच सांगतो. ४७ रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून ५५ रुपये ४६ पैसे. १ ऑक्टोबर २०२५ पासून हा दर लागू आहे. पाकीट गावातल्या गावात द्यायचं असेल तर १९ रुपये आणि गावाबाहेर कुठंही द्यायचं असेल तर ४७. तिसरा दरच नाही.

वजन वाढलं की तक्त्यात अंतर डोकावतं, पण तेही जपून. ५० ग्रॅमच्या वर, २५० ग्रॅमपर्यंत: २०० किलोमीटरच्या आत ५९ रुपये आणि २,००० किलोमीटरच्या पलीकडे ७७ रुपये. अंतर दहापटीहून जास्त वाढलं आणि दर वाढला जेमतेम १८ रुपयांनी. उलट, गावातल्या गावात याच वजनाला २४ रुपये लागतात आणि शेजारच्या जिल्ह्यात पाठवायचं म्हटलं की एकदम ५९. म्हणजे वेस ओलांडायला ३५ रुपये आणि त्यानंतर अख्खा देश ओलांडायला १८. हा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मी थबकलो, कारण ट्रकभाडं, एसटीचं तिकीट, रिक्षाचं मीटर यांनी आपल्याला आयुष्यभर याच्या उलटं शिकवलेलं असतं.

हे कोडं १८३७ साली इंग्लंडमध्ये एका शाळामास्तरानं उलगडलं होतं. रोलंड हिल त्याचं नाव. त्या काळी तिथं पत्राचं भाडं अंतराप्रमाणे आणि कागदांच्या संख्येप्रमाणे ठरायचं आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाऱ्याकडून वसूल व्हायचं. हिलनं बसून हिशेब मांडला: लंडनहून एडिंबरोला एक पत्र प्रत्यक्ष वाहून न्यायला खर्च किती येतो? उत्तर आलं, एका पेनीचा छत्तिसावा भाग. बाकीचे पैसे जात होते ते पत्र घेण्यात, मोजण्यात, वहीत नोंदवण्यात, दारोदार जाऊन भाडं मागण्यात. रस्ता स्वस्त होता, हात महाग होते. मग अंतराचे पैसे कशाला मोजायचे? सगळीकडे एकच दर ठेवा आणि तो आधीच घ्या, असं त्यानं सुचवलं. त्यातूनच १८४० साली तिकीट जन्माला आलं.

आपल्याकडे ही कल्पना १८५४ साली आली. त्याआधी कलकत्त्याहून मुंबईला पत्र धाडायला तोळ्यामागे रुपया पडायचा आणि कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. त्या काळच्या रुपयाची किंमत लक्षात घेतली, तर पत्र ही सरकारी अंमलदारांची आणि पेढीवाल्यांची चैन होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून हलक्या पत्राला देशभर अर्धा आणा झाला, अंतर कितीही असो. रेल्वे त्या वेळी नुकतीच धावू लागली होती. बहुतेक देशात डाक हरकाऱ्याच्या पायांवर आणि घोड्यांवरच धावत होती. तरीही दर एक झाला. हा निर्णय मला त्या शतकातल्या मोठ्या निर्णयांपैकी एक वाटतो. रत्नागिरीच्या माणसाला कलकत्ता अचानक साताऱ्याइतकं जवळ आलं.

आता पार्सलकडे येऊ. पार्सलमध्ये वजन आणि आकार बोलायला लागतात, तिथं अर्ध्या आण्याची जादू पूर्ण चालत नाही. पण हिलनं सांगितलेलं मूळ गणित तेच राहतं. पुण्यात दिलेलं किलोभराचं पार्सल भामरागडच्या एखाद्या पाड्यावर पोचतं कसं, ते बघा. काउंटरवर वजन होतं, बारकोड चिकटतो. संध्याकाळी ते इतर जिनसांबरोबर बॅगेत जातं, बॅग हबला जाते. तिथं बॅग उघडून जिनसा दिशेप्रमाणे वेगळ्या होतात, पुन्हा नव्या बॅगेत बंद होतात. रात्रीच्या गाडीनं विदर्भ. तिथल्या हबला पुन्हा उघडणं, पुन्हा निवडणं. मग तालुक्याचं पोस्ट, मग शाखा डाकघर आणि शेवटी एक माणूस. गाडीच्या प्रवासात त्या पार्सलच्या वाट्याला येणारा खर्च किरकोळ असतो, कारण त्याच डब्यात टनावारी टपाल असतं. प्रत्येक टप्प्यावर खर्च अनेक पार्सलांमध्ये वाटला जातो. आणि शेवटच्या टप्प्यावर वाटून घ्यायला कुणी उरतच नाही: एक पार्सल, एक माणूस, पाच-सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता.

म्हणूनच कुरिअरच्या धंद्यात अशा पत्त्यांना ‘ओडीए’ म्हणतात, म्हणजे डिलिव्हरीच्या हद्दीबाहेरचे. तिथं जायला जादा आकार लागतो किंवा ‘तालुक्याला येऊन घेऊन जा’ असा निरोप येतो. त्यात त्यांची चूक नाही. एका पार्सलासाठी गाडी काढणं कुणालाच परवडत नाही. पोस्टाला ते जमतं, कारण पोस्टाचा माणूस त्या वाटेनं तसाही जाणारच असतो. त्याच्याकडे कुणाची पेन्शन असते, कुणाचं बँकेचं पत्र, कुणाचं आधारचं पाकीट, आणि त्यातच आपलं पार्सल.

या जाळ्याचा आकार डोळ्यांपुढे आणायचा तर देशात १ लाख ६४ हजारांहून जास्त डाकघरं आहेत आणि त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास खेड्यांत. देशाचं क्षेत्रफळ त्यांच्यात वाटलं तर एका डाकघराच्या वाट्याला सरासरी २० चौरस किलोमीटर येतात, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. खेड्यातलं शाखा डाकघर बघितलंत तर इमारत अशी बहुधा दिसणारच नाही. ब्रँच पोस्टमास्तरनं जागा स्वतःच पुरवायची असते, त्यामुळे ओसरीवरची किंवा पुढच्या खोलीतली एक टेबलखुर्ची, शिक्का, वजनकाटा, भिंतीवर लाल पत्रपेटी, एवढंच ते ऑफिस असतं. हे काम ग्रामीण डाक सेवक करतात. दिवसाला चार-पाच तासांची नेमणूक, बाकी वेळ शेती किंवा दुसरा उद्योग. देशभर त्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात आहे. शहरातल्या माणसाला ‘पोस्ट स्वस्त कसं?’ असा प्रश्न पडतो, त्याचं अर्धं उत्तर या ओसरीवर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे डाक खातं तुटीत चालतं आणि ती तूट आपण सगळे करातून भरतो. मला तो खर्च योग्य वाटतो. रस्त्याला आणि विजेच्या तारेला आपण नफा विचारत नाही. पाड्यावर पार्सल पोचणं हीसुद्धा तशीच सोय आहे.

किमतीचा आणखी एक पैलू लोकांना काउंटरवर उभं राहिल्यावर कळतो, आणि तोही बहुधा दिवाळीत. डबा हलका, बिल जड. कारण विमानात आणि कुरिअरच्या गाडीत वजनाआधी जागा संपते. म्हणून आकारमानी वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि ५,००० नं भागा. प्रत्यक्ष वजन आणि हा आकडा यांत जो जास्त, त्यावर पैसे. तीस-तीस-तीसच्या खोक्यात पोह्यांचा चिवडा भरला तर वजन भरेल दोन किलोच्या आसपास. गणित सांगतं २७,००० भागिले ५,०००, म्हणजे ५.४ किलो. तेच खोकं रव्याच्या लाडवांनी गच्च भरलं तर खरं वजनच या आकड्याच्या पुढं जातं आणि मग काटा बोलतो. भागायला ५,००० च का? कारण एक घनमीटर माल साधारण २०० किलोचा धरला की विमानाची जागा आणि ताकद एकाच वेळी भरते, असा तो अंदाज आहे. त्यामुळे चिवडा चपट्या पिशवीत दाबून भरणारी आणि लाडवांच्या डब्यांमधल्या फटींत चकल्यांच्या पुड्या बसवणारी आई विमान कंपनीच्या हिशेबनिसाइतकंच अचूक गणित करत असते.

आता भरवशाविषयी. किंमत समजते, पण न मिसळता, न हरवता हे सगळं चालतं कसं, याचं मला जास्त नवल वाटतं.

पहिला धागा पिनकोडाचा, आणि तो एका मराठी माणसानं विणलेला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलट वाचलं तर कृष्णाची, अशी विलोमकाव्याची रचनाही त्यांनी केली. अक्षरांच्या क्रमावर एवढी हुकमत असलेल्या माणसाच्या हातून देशाच्या पत्त्यांची आकडेवारी आखली गेली, हे मला फार आवडतं. अडचण खरी होती. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. त्यात पत्ता कुणी मोडीवळणाच्या मराठीत लिहायचा, कुणी तमिळमध्ये, कुणी उर्दूत. १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकड्यांचा पिन आला आणि सॉर्टिंग करणाऱ्याला गावाचं नाव वाचता आलं नाही तरी चालायला लागलं. सावंतवाडीचा ४१६५१० घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग. ४१ वर नजर पोचली की महाराष्ट्रातला पट्टा पक्का. ४१६ म्हणजे कोल्हापूरकडचा सॉर्टिंग जिल्हा. शेवटचे तीन आकडे नेमकं डाकघर सांगतात. दिल्लीतल्या माणसाला फक्त पहिले दोन आकडे पुरतात, कोल्हापूरच्या माणसाला शेवटचे तीन. प्रत्येकानं आपल्यापुरतं वाचायचं आणि पुढं ढकलायचं. ९ हा आकडा फौजेसाठी राखलेला, त्यामुळे सियाचिनवरच्या जवानाचा खरा ठावठिकाणा न लिहिताच त्याला पार्सल पोचतं. अंटार्क्टिकावरच्या भारती केंद्रातल्या पोस्टालासुद्धा २०२४ मध्ये प्रायोगिक पिन मिळाला. तो ‘एमएच’ अक्षरांनी सुरू होतो, कारण तिथलं टपाल गोव्यामार्गे जातं आणि गोवा पोस्टाच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो.

पिन डाकघरापर्यंत आणतो, दारापर्यंत नाही. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ’ हे अजूनही पोस्टमनच्याच डोक्यात असतं. त्यासाठी मे २०२५ मध्ये डिजिपिन आला. देशावर एक मोठा चौरस टाकायचा, त्याचे सोळा भाग करायचे, प्रत्येकाला एक खूण द्यायची. मग त्या भागाचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा केलं की उरतो सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा तुकडा. दहा अक्षरांत तुमचा उंबरठा. हा पत्ता पिनकोडाला हटवणारा नाही, जोडीचा आहे.

दुसरा धागा पावतीवरच्या नंबरात दडलेला आहे. दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी भारताची दोन अक्षरं. ही आखणी जगभरच्या टपालखात्यांनी मिळून ठरवलेली आहे. यातला नववा आकडा अनुक्रमाचा नसतो. तो पहिल्या आठांवर नजर ठेवायला बसवलेला असतो. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. समजा आठ आकडे आहेत १२३४५६७८. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणा आणि बेरीज करा: २०४. अकरानं भागलं की बाकी उरते ६. अकरातून सहा गेले, पाच. नववा आकडा ५. आता काउंटरवरच्या माणसानं घाईत पहिले दोन आकडे उलटे टाइप केले, २१३४५६७८. बेरीज येते २०६, बाकी ८, नववा आकडा यायला हवा ३. पण पावतीवर आहे ५. मशीन तिथंच अडतं. माणसं आकडे लिहिताना ज्या चुका करतात, एखादा आकडा चुकणं किंवा शेजारचे दोन उलटणं, त्यातल्या बहुतेक सगळ्या या एका आकड्यात सापडतात. तुमच्या ड्रॉवरमधली जुनी पावती काढा आणि ताडून बघा. मला तरी हा खेळ कधी कंटाळवाणा वाटला नाही. फक्त दोन अपवाद लक्षात ठेवा: उत्तर १० आलं तर ० धरतात आणि ११ आलं तर ५.

तिसरा धागा सर्वांत जुना, हाताकडून हाताकडे देण्याचा. बॅग बंद होते तेव्हा आत काय काय आहे त्याची यादी तिच्याबरोबर जाते. पुढच्या ठिकाणी बॅग उघडणारा आधी यादीशी जिनसा ताडतो. एक कमी निघाली तर ती कुठं गळाली हे दोन नोंदींच्या मधोमध सापडतं. ट्रॅकिंग दोन दिवस गप्प राहतं त्याचंही कारण हेच आहे. जिन्नस बॅगेत गेली की पुढचे स्कॅन बॅगेचे होतात, जिनसेचा नंबर बॅग उघडेपर्यंत पुन्हा वाचला जात नाही. स्क्रीन गप्प असताना पार्सल बहुधा धावत असतं. एके काळी तर हे निवडणं धावत्या गाडीतच व्हायचं: १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर दरम्यान टपालाच्या डब्यात पहिल्यांदा सॉर्टिंग सुरू झालं आणि त्यातूनच पुढं रेल्वे मेल सर्व्हिस, आपली आरएमएस, उभी राहिली.

आणि भरवसा नजरेनं बघायचा असेल तर मुंबईच्या जीपीओबाहेर जा. १९१३ साली पुरी झालेली ती घुमटाची इमारत जॉन बेगनं विजापूरच्या गोलघुमटावर नजर ठेवून बांधली. तिच्याबाहेर पार्सलं शिवणारी माणसं बसतात. खोक्यावर पांढरं मांजरपाट ताणून घेतात, मोठ्या सुईनं शिवण घालतात आणि शिवणीवर लाख वितळवून थेंबाथेंबानं ठसे उमटवतात. कुणी वाटेत पार्सल उघडायचं म्हटलं तर दोरा कापावा लागेल किंवा लाख फोडावी लागेल, आणि दोन्ही गोष्टी लपत नाहीत. बारकोड आला तरी या शिवणीचं काम संपलेलं नाही. बारकोड पार्सल कुठं आहे ते सांगतो. ते उघडलं गेलं का, हे शिवण सांगते.

तरीही पार्सलं हरवतात. मग काय? इथं ग्राहकानं डोळे उघडे ठेवावेत असं मला कळकळीनं सांगायचं आहे. १८९८ च्या कायद्यानं टपाल हरवणं, उशीर होणं, मोडणं याबद्दलच्या जबाबदारीतून सरकारला मोकळं ठेवलं होतं, आणि २०२३ च्या नव्या डाकघर कायद्यानंही ते संरक्षण कायम ठेवलं. नियमात जी भरपाई आहे तेवढीच मिळते, आणि ती आतल्या वस्तूच्या किमतीशी बांधलेली नसते. आजीची नथ किंवा नवा मोबाइल साध्या बुकिंगनं पाठवणाऱ्याला हे नंतर कळतं. वस्तू मोलाची असेल तर विमा उतरवूनच पाठवा. पोस्टात ही सोय १८७८ पासून आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, १८७७ मध्ये, आणखी एक सोय सुरू झाली: व्ही.पी. माल आधी पोचवायचा, पोस्टमननं दारात पैसे घ्यायचे आणि पोस्टानं ते विकणाऱ्याला परत पाठवायचे. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून जे नवं वाटतं ते आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षं चालू आहे. जुन्या मराठी मासिकांची मागची पानं ‘व्ही.पी.नं मागवा’ या ओळींनी भरलेली असायची. काढे, बियाणं, कादंबऱ्या, शिवणाचे नमुने. ज्या गावात पुस्तकाचं दुकान कधीच आलं नाही तिथं पुस्तकं आली ती या वाटेनं. आणि म्हणून, डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त नोंदणी सेवा बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला, ते मला अगदी रास्त वाटतं. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, ट्रॅकिंगही आहे. पाच किलोत आठ-दहा जाडजूड पुस्तकं सहज बसतात. मात्र ही सवलत अभ्यासाच्या, सांस्कृतिक आणि धार्मिक छापील साहित्यापुरती आहे.

देशाबाहेर हाच व्यवहार आणखी थक्क करणारा होतो. १८७४ साली बर्नमध्ये देशांनी मिळून ठरवलं की टपालापुरतं सगळं जग एकच प्रदेश मानायचं. भारत १८७६ मध्ये त्यात आला. ठाण्यात भरलेले पैसे ठाण्यातच राहतात, आणि ओसाकातला पोस्टमन आपल्या अनारशांचा डबा बिनबोभाट दारात ठेवतो; देशादेशांचा हिशेब मागाहून होतो. पण ही घडी किती नाजूक आहे तेही २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून घेतली, जकात कुणी आणि कशी गोळा करायची ते ठरेना, विमान कंपन्यांनी माल घ्यायला नकार दिला. २५ ऑगस्टपासून आपल्या पोस्टानं अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं. जकात इथंच भरून घेण्याची व्यवस्था लागली आणि १५ ऑक्टोबरला बुकिंग पुन्हा सुरू झालं, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. न्यू जर्सीतल्या किती घरांत त्या वर्षी फराळ उशिरा पोचला असेल!

तुमचं पुढचं पार्सल पाठवताना दोन गोष्टी करा. पिनकोड आठवणीवर विसंबून न लिहिता ताडून लिहा. आणि खोकं बंद करण्याआधी आत एका चिठ्ठीवर दोघांचे पत्ते आणि फोन नंबर लिहून ठेवा. वरचं लेबल पावसात गळालं, तर पार्सल रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. बंद टपाल उघडून आत पत्ता शोधायची अधिकृत मुभा तिथं आहे, आणि तिथल्या माणसाला परतीची वाट दाखवायला फक्त तुमची ती चिठ्ठीच असते.